पायरेट्सचा घरचा हंगाम: पिट्सबर्गच्या मैदानावर एप्रिल ते सप्टेंबर २०२५

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या पायरेट्स या बेसबॉल संघाने २०२५चा हंगाम ७१ विजय आणि ९१ पराभवांवर संपवला. नॅशनल लीगच्या सेंट्रल विभागात संघ शेवटचा आला. तरीही हा हंगाम पीएनसी पार्क या त्यांच्या घरच्या मैदानावर जाऊन पाहिल्याचं समाधान मोठं आहे. शिकायला किंवा नोकरीसाठी या शहरात आलेली, क्रिकेटवर वाढलेली मराठी मंडळी वर्षानुवर्षं या मैदानासमोरून येजा करतात, पण आत जात नाहीत. तिकीट कुठलं घ्यायचं, डबा चालतो का, नियम माहीत नसताना तीन तास बसून काय करायचं, अशा साध्या प्रश्नांवर घोडं अडतं. म्हणून हंगाम जसा उलगडला त्याच क्रमाने सगळं लिहितो आहे.

सुरुवात वेळापत्रकापासून करावी लागते. मेजर लीग, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतला प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज सामना असतो. पाहुणा संघ आला की तीन-चार दिवस मुक्काम करतो, रोज एक सामना खेळतो आणि पुढच्या गावाला निघतो. उत्तमातले उत्तम संघही हंगामात साठेक सामने हरतात. त्यामुळे एकच ‘मोठा’ सामना निवडून सगळे पैसे आणि सगळा उत्साह त्यावर ओतण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांत थोडे थोडे सामने विखरून पाहावेत, वेगवेगळ्या वारांचे आणि वेगवेगळ्या पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे. तसं केलं तरच हा खेळ कळायला लागतो.

आठवड्यातले सामने बहुतेक संध्याकाळी ६:४० ला सुरू होतात, रविवारचे दुपारी १:३५ ला. मालिकेचा शेवटचा दिवस बुधवारी किंवा गुरुवारी आला तर सामना कधी कधी दुपारी १२:३५ ला ठेवतात, कारण खेळ संपवून संघाला विमान गाठायचं असतं. सुट्टी टाकता येत असेल तर हा दुपारचा सामना सोडू नका. गर्दी कमी असते आणि तिकीटही स्वस्त मिळतं. २०२३पासून पिचरला घड्याळ लागलं आहे. बेस (धावपटूचे मैदानातले थांबे) रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो, धावपटू बेसवर असेल तर आता अठरा सेकंदांत. त्यामुळे सामना सरासरी अडीच तासांच्या थोडा पुढे जातो आणि ६:४० चा सामना साधारण सव्वानऊ-साडेनऊला संपतो. दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा असेल तर हा हिशेब उपयोगी पडतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकिटांकडे वळायचं. इथे तिकिटाचा भाव ठरलेला नसतो, मागणीप्रमाणे रोज हलतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या मंगळवारी वरच्या मजल्यावरची जागा पंधरा ते पंचवीस डॉलरमध्ये मिळून जाते. तीच जागा यँकीज किंवा कब्ज यांच्यासारखे लोकप्रिय संघ आले की, किंवा आतषबाजीची रात्र असली की दुपटीच्या पुढे जाते. पुनर्विक्रीच्या ॲपवर साध्या दिवसांचे भाव सामना जवळ आला की उतरतात, पहिल्या चेंडूच्या आधीच्या दोन तासांत सर्वांत जास्त. काही भेटवस्तू वाटणार असतील तर मात्र उलटं होतं, त्या दिवशीचं तिकीट आधीच घेऊन ठेवावं. भाव बघताना शुल्कासकट एकूण रक्कम बघायची. पूर्वी यादीत एक आकडा दिसायचा आणि पैसे भरताना दुसराच. १२ मे २०२५पासून संघराज्य सरकारच्या व्यापार आयोगाचा नियम लागू झाला आणि विक्रेत्यांना पूर्ण रक्कम सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक झालं. त्यामुळे मेनंतर दोन संकेतस्थळांची तुलना करणं खूप सोपं झालं.

कागदी तिकिटं आता जवळपास नाहीतच. ‘एमएलबी बॉलपार्क’ नावाचं ॲप घ्यावं लागतं, आणि ज्या ईमेलवरून तिकीट घेतलं त्याच ईमेलने ॲपमध्ये खातं उघडावं लागतं. तिकीट दिसेनासं होण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं: खरेदी एका ईमेलवर आणि ॲप दुसऱ्यावर. तिकीट दिसलं की घरच्या वायफायवर असतानाच ते फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवायचं. दारापाशी हजारो फोन एकदम चालू असतात, नेटवर्क रेंगाळतं. चार जण वेगवेगळ्या ठिकाणांहून येणार असतील तर ज्याचं त्याला तिकीट ॲपमधूनच पाठवून द्यावं, म्हणजे कोणालाही बाहेर ताटकळावं लागत नाही. स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

जागेच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे, वरच्या मजल्यावर बसावं, म्हणजे ३१६ क्रमांकाच्या आसपासच्या विभागांत. खालच्या महागड्या जागांवरून चेंडूचा वेग जाणवतो, पण मैदानाचा आकार कळत नाही. वरून नऊही क्षेत्ररक्षक एका नजरेत येतात, प्रत्येक बॅटरसाठी ते कसे सरकतात ते दिसतं. समोर ॲलेगेनी नदी, तिच्यावरचा पिवळा रॉबर्टो क्लेमेंटे पूल आणि पलीकडे डाउनटाऊनच्या इमारती. पीएनसी पार्क २००१ साली उघडलं. जागा साधारण ३८,७००, म्हणजे लीगमधल्या लहान मैदानांपैकी एक, त्यामुळे वरचा मजलाही खेळापासून फार लांब नाही. वरच्या मागच्या रांगांवर छप्पर असल्याने ऊन-पावसापासून आडोसा मिळतो. आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकाकडच्या जागा स्वस्त आणि गमतीच्या असतात, पण संध्याकाळी सूर्य होम प्लेटच्या मागे कलतो आणि पहिल्या तासात थेट डोळ्यांवर येतो. तिथे टोपी आणि गॉगल हवाच.

घरचा पहिला सामना ४ एप्रिलला झाला, यँकीजविरुद्ध. मैदान खचाखच भरलं होतं आणि तिकिटं हंगामातल्या महागांपैकी. संघ हरला. क्लबचा मालक खेळाडूंवर पैसा खर्च करत नाही म्हणून गेली काही वर्षं प्रेक्षक नाराज आहेत, त्यामुळे ‘संघ विका’ अशा घोषणाही झाल्या. २०१५नंतर पायरेट्स बाद फेरीत पोचलेले नाहीत, या नाराजीला तो आधार आहे. नव्या माणसाला मात्र पहिला सामना म्हणून हा दिवस सुचवणार नाही. रांगा लांब असतात आणि खेळ समजावून सांगायला शेजाऱ्याला उसंत नसते. त्यापेक्षा त्याच महिन्यातला एखादा मंगळवार बरा. फक्त कपडे नीट हवेत. एप्रिलमध्ये संध्याकाळी पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि नदीवरून वारा येतो. थर्मल, जाड जॅकेट, हातमोजे आणि बसायला घडी घातलेली चादर. प्लास्टिकच्या थंड खुर्चीवर अडीच तास बसायचं तर चादरीचा उपयोग जॅकेटइतकाच होतो.

मैदानावर जायला गाडी न्यायची गरज नाही. ‘टी’ नावाची लाइट रेल डाउनटाऊनच्या स्थानकांपासून नदीखालच्या बोगद्यातून नॉर्थ साइड स्थानकापर्यंत फुकट नेते, आणि तिथून मैदान दोन-चार मिनिटांवर आहे. शहरातल्या ओकलंड किंवा स्क्विरल हिल या भागांकडून येणाऱ्यांनी बसने डाउनटाऊनला उतरावं आणि क्लेमेंटे पुलावरून चालत जावं. सामन्याच्या दिवशी हा पूल गाड्यांसाठी बंद असतो, संपूर्ण रस्ता चालणाऱ्यांचा. गाडी आणलीच तर नदीच्या अलीकडे, डाउनटाऊनच्या गॅरेजमध्ये लावा. मैदानाला लागून असलेल्या पार्किंगच्या मानाने तिथे बरेच कमी पैसे पडतात आणि सामना सुटल्यावर अर्धा तास जागेवर खोळंबून राहावं लागत नाही.

डब्याचा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. घरचं खाणं आत नेता येतं. पोळी-भाजीचा रोल, थालीपीठ, दशम्या, चिवडा, सगळं चालतं. पाण्याची पारदर्शक प्लास्टिकची बाटली चालते, पण ती सीलबंद हवी आणि २४ औंसांपर्यंतचीच. काचेच्या बाटल्या, कॅन आणि कडक कूलर चालत नाहीत. पिशवीच्या मापाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी क्लबच्या पानावर एक नजर टाकावी. डबा पातळ पदार्थांचा नको, मांडीवर ठेवून एका हाताने खाता आलं पाहिजे. आत खरेदी करायची तर कार्ड जवळ असू द्या. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत घेत नाहीत, तेव्हा औषधं, मुलांचे कपडे, जे काही लागणार ते पहिल्या खेपेलाच न्यायचं.

१९ एप्रिलला संघाचा पिचर पॉल स्कीन्स याच्या बॉबलहेडचं, म्हणजे मान डोलवणाऱ्या बाहुलीचं वाटप होतं, पहिल्या २०,००० प्रेक्षकांना. दारं उघडण्याच्या कितीतरी आधी रांगा लागल्या आणि खूप लोकांच्या हाती काही आलं नाही. नंतर क्लबने त्या सामन्याला आलेल्यांनाही बाहुली देण्याचं जाहीर केलं. ‘पहिल्या अमुक इतक्यांना’ असं लिहिलं असेल तर दारं उघडण्याच्या दोन तास आधी रांगेत असणं हाच नियम समजावा. बाहुलीत रस नसेल तर तो दिवस सरळ टाळावा.

३० एप्रिलला एक प्रेक्षक उजवीकडच्या आउटफिल्डच्या २१ फूट उंच भिंतीवरून खाली मैदानात पडला. गंभीर जखमी झाला, पण वाचला. त्या कठड्याशी उभं राहून बघायचा मोह मोठा असतो. लहान मुलं बरोबर असतील तर पहिल्या रांगेपेक्षा दोन-तीन रांगा मागे बसा. भिंत २१ फुटांचीच का, तर पायरेट्सचे जुने खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांचा जर्सी क्रमांक २१ होता म्हणून. ते उजव्या आउटफिल्डमध्ये खेळायचे. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्यांचं विमान ३१ डिसेंबर १९७२ला समुद्रात कोसळलं. कारकिर्दीत बरोबर ३,००० हिट (चेंडू मारून बेस गाठणं) झाल्या होत्या. पुलाच्या टोकाशी त्यांचा पुतळा आहे. आत जाण्याआधी तिथे थांबावं, या शहराला बेसबॉल का जवळचा वाटतो ते तिथे उमगतं.

मेच्या सुरुवातीला संघ १२ विजय आणि २६ पराभवांवर होता. ८ मेला व्यवस्थापक डेरेक शेल्टन यांना काढलं आणि पिट्सबर्गमध्येच वाढलेल्या डॉन केली यांना नेमलं. क्रिकेटमधल्या प्रशिक्षकाहून बेसबॉलच्या व्यवस्थापकाचा अधिकार मोठा असतो. बॅटिंगचा क्रम, पिचर कधी बदलायचा, कोणाला बदली उतरवायचं, हे सगळं सामना चालू असताना तोच ठरवतो. हे निर्णय बघायला शिकलं की पडेल सामनाही रटाळ वाटत नाही.

शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे हाताने स्कोअर लिहिणं. अनेक वर्षं टीव्हीवर पाहून जे कळत नाही ते चार-पाच सामने लिहून कळतं. कोरी स्कोअरशीट घरी छापून न्यावी, दोन्ही संघांसाठी एकेक पान. पॅड आणि शिसपेन्सिल घ्यावी, पेन नको, कारण खोडावं लागतंच. क्षेत्ररक्षकांचे क्रमांक पाठ करायचे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्डर ७, ८, ९. हे क्रमांक जागेचे आहेत, जर्सीचे नाहीत. सुरुवातीला सगळ्यांचा घोळ इथेच होतो.

आता एक अर्धी इनिंग, म्हणजे एका संघाचे तीन जण बाद होईपर्यंतची बॅटिंग, लिहून बघू. पहिल्या बॅटरने जमिनीवरून मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटर बाद झाला, तर त्याच्या चौकोनात ‘६-३’ लिहून वर्तुळात १. दुसऱ्याला चार बॉल (मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरचे चेंडू) मिळाले, तो वॉक, म्हणजे न मारताच पहिला बेस. त्याच्या चौकोनात बेस दाखवणारा हिऱ्याचा आकार असतो, त्याची पहिली बाजू गडद करायची, म्हणजे तो पहिल्या बेसवर आहे हे दिसतं. तिसऱ्याने पुन्हा शॉर्टस्टॉपकडे मारला. शॉर्टस्टॉपने चेंडू दुसऱ्या बेसवाल्याला दिला आणि धावपटू बाद, त्याने तो पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटरही बाद. हा ‘६-४-३’ डबल प्ले. दोन वर्तुळं भरली, इनिंग संपली. तिसऱ्या स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा पट्ट्यात असून न मारलेल्या चेंडूवर) बाद झालेल्यासाठी इंग्रजी ‘के’ लिहितात, आणि बॅट न फिरवता नुसतं बघत बाद झाला तर तोच ‘के’ उलटा. चेंडू हातातून सुटला तर हिट धरायची की एरर (क्षेत्ररक्षकाची चूक), हे अधिकृत स्कोअरर ठरवतो आणि फळ्यावर दाखवतो. आपल्याला वेगळं वाटलं तरी फळ्यावरचंच लिहावं, नाहीतर शेवटी आकडे जुळत नाहीत. बदली खेळाडू आला की त्या चौकोनाच्या डाव्या बाजूला उभी रेघ आणि खाली नवं नाव. सातव्या इनिंगनंतर पिचर भराभर बदलतात. प्रत्येकाने कितव्या बॅटरपासून सुरुवात केली याची खूण केली नाही, तर कोणाच्या खात्यावर किती धावा हे मग सापडत नाही.

असा कागद भरत असलं की लक्ष आपोआप योग्य जागी जातं. डाव्या-मधल्या आउटफिल्डमागे बुलपेन आहे, म्हणजे बदली पिचर हात मोकळे करतात ती जागा. सहाव्या इनिंगमध्ये तिथे कोणी उठून चेंडू टाकू लागला की व्यवस्थापकाच्या मनात काय आहे हे ओळखता येतं. डावखुरा उठला असेल तर पुढच्या तीन बॅटरमध्ये डावखुरे किती, ते आपल्या कागदावर बघायचं. टीव्हीचा कॅमेरा तिकडे वळेपर्यंत मैदानावरच्या माणसाला हे कळलेलं असतं.

पाचव्या इनिंगच्या आसपास पिएरोगींची शर्यत होते. पिएरोगी म्हणजे बटाटा-चीज भरून उकडलेली पोलिश करंजी, या शहराचं आवडतं खाणं. पिएरोगींचे मोठाले पोशाख घातलेली माणसं मैदानाच्या कडेने धावतात. लहान मुलं याच क्षणाची वाट बघत असतात, तेव्हा शौचालयाची फेरी चौथ्या इनिंगमध्ये उरकून घ्यावी.

स्कीन्सचा सामना गाठणं हे हंगामातलं सर्वांत फायद्याचं काम होतं. सुरुवातीचा पिचर रोज खेळत नाही. पाच-सहा दिवसांनी एकदा त्याची पाळी येते. गेल्या सामन्याच्या तारखेपासून पाच किंवा सहा दिवस मोजायचे, मधली सुट्टी धरायची, आणि तो दिवस घरच्या मालिकेत येतो का ते पाहायचं. संभाव्य पिचरांची नावं लीगच्या संकेतस्थळावर दोन-तीन दिवस आधी येतात. नाव आलं की तिकिटांचा भाव चढतो. म्हणून स्वतः मोजून एक-दोन दिवस आधी घेतलेलं तिकीट स्वस्त पडतं. पाऊस पडला किंवा संघाने त्याला जादा विश्रांती दिली तर गणित एखाद्या दिवसाने चुकतं. एवढी जोखीम घ्यायलाच हवी.

त्याने या हंगामात नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ धावा दिल्या, आणि नोव्हेंबरमध्ये नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. तरी त्याच्या नावावर विजय १० आणि पराभवही १०. असा आकडा कसा होतो ते स्कोअरशीट भरणाऱ्याला लगेच दिसतं. त्याच्या पानावर उलटेसुलटे ‘के’ आणि आपल्या बॅटरच्या पानावर रिकामे हिरे. पिचरच्या विजयांची संख्या हे त्याच्या खेळाचं माप नाही, ही गोष्ट त्या कोऱ्या चौकोनांनी जितकी पटवली तितकी कुठल्या विश्लेषणाने पटवली नसती.

११ जूनला ॲन्ड्र्यू मॅककचनने मायामीविरुद्ध पायरेट्सकडून आपला २४१वा होम रन (चेंडू कुंपणापलीकडे मारून थेट धाव) मारला आणि क्लेमेंटे यांच्या २४०ला मागे टाकलं. क्लबच्या इतिहासात आता त्याच्या पुढे राल्फ कायनर आणि विली स्टार्जेल हे दोघेच. मॅककचन २०१३चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. मधली वर्षं दुसऱ्या संघांकडे होता, २०२३मध्ये परत आला. हा होम रन बुधवारच्या सामन्यात आला, साध्या आठवड्यात. ऐतिहासिक क्षण मोठ्या दिवशीच येतात असं नाही. बुधवारचं तिकीट घेणाऱ्यांच्या वाट्याला असं काही यायची शक्यता तेवढीच असते.

आणि मग जूनअखेरचा आठवडा. २७ ते २९ जून न्यूयॉर्क मेट्स आले. पायरेट्सने तीनही सामने ९-१, ९-२ आणि १२-१ असे जिंकले. लगेच ३० जून ते २ जुलै सेंट लुईस कार्डिनल्स आले, आणि त्यांना तीन सामन्यांत एकही धाव करू दिली नाही: ७-०, १-०, ५-०. तळाच्या संघाचे घरच्या मैदानावर सलग सहा विजय. त्यानंतर सिॲटलला जाऊन याच संघाने तीन सामन्यांत स्वतः एकही धाव केली नाही. पूर्ण हंगामात बाहेरगावी संघ सपाटून हरला, पण घरी त्याचे विजय पराभवांपेक्षा जास्त भरले. गुणतक्त्यावर शेवटचा दिसणारा संघ पुलापलीकडे बसणाऱ्यांसाठी जिंकणारा संघ होता. विजयानंतर प्रेक्षक कवटीचं चित्र असलेले काळे झेंडे नाचवतात, तेव्हा पाच मिनिटं जागेवर थांबावं. गर्दीही ओसरते आणि झेंडेही बघून होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दोन गोष्टींची तयारी लागते. पहिली ऊन. रविवारी दुपारी छप्पर नसलेल्या जागा भट्टी होतात, पाणी दोन बाटल्या आणि सनस्क्रीन हवंच. रविवारी सामना संपल्यावर मुलांना बेसवरून धावू देतात, त्यासाठीची रांग शेवटच्या इनिंगच्या सुमारास लागायला लागते. दुसरी गोष्ट पाऊस. पिट्सबर्गमध्ये उन्हाळी सरी अचानक येतात. सामना सुरू करायचा की नाही हे यजमान क्लब ठरवतो, सुरू झाल्यावर निर्णय अंपायरांचा. पाच इनिंग पूर्ण झाल्या तर थांबलेला सामनाही अधिकृत धरला जातो, त्यामुळे तिकिटाचे पैसे वसूल झाले असं समजायचं. त्याआधी थांबला तर तो पुढे उरलेल्या जागेपासून खेळतात आणि तिकिटाचं काय होईल ते क्लबच्या ईमेलमध्ये येतं. त्यासाठी खात्यातला ईमेल चालू असलेला हवा. दीड-दोन तासांचा खोळंबा नवा नाही. पोरांना घेऊन गेलं असेल तर छताखालच्या मोकळ्या जागेत सरकावं आणि पत्त्यांचा जोड पिशवीत असू द्यावा.

३१ जुलैला संघांमधल्या खेळाडूंच्या देवघेवीची मुदत संपली. या वर्षी पायरेट्सने शेवटच्या इनिंगचा पिचर डेव्हिड बेडनार यँकीजला दिला. तो इथल्याच मार्स गावचा. त्याआधी तिसऱ्या बेसवरचा केब्रायन हेज सिनसिनाटीला गेला. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला दर जुलैमध्ये हे सहन करावं लागतं. आवडत्या खेळाडूच्या नावाची महागडी जर्सी घ्यायची असेल तर ऑगस्टपर्यंत थांबा.

२२ ऑगस्टला बबा चँडलर पहिल्यांदा मेजर लीगमध्ये उतरला, कोलोराडोविरुद्ध. शेवटच्या चार इनिंग टाकल्या, एकही धाव दिली नाही, आणि संघ मोठ्या फरकाने पुढे असूनही त्याच्या नावावर ‘सेव्ह’, म्हणजे आघाडी टिकवल्याचं श्रेय लागलं. नियम असा की विजयी संघाच्या शेवटच्या पिचरने तीन किंवा अधिक इनिंग परिणामकारक टाकल्या, तर आघाडी कितीही असो, सेव्ह मिळतो. चँडलर इंडियानापोलिसच्या दुय्यम संघातून आला होता. अशा दुय्यम संघांचे सामने स्वस्त असतात आणि खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतात. पायरेट्सचा असाच एक संघ असलेलं अल्टूना पिट्सबर्गहून गाडीने साधारण दोन तासांवर आहे, एक शनिवार तिकडे काढण्यासारखा आहे. भारताशी या क्लबचा धागा याच पायरीवर जुळलेला आहे. नोव्हेंबर २००८मध्ये उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पायरेट्सने करारबद्ध केलं होतं. दोघेही क्लबच्या दुय्यम संघांकडून खेळले.

सप्टेंबरात शाळा, फुटबॉल आणि संघाची गुणतक्त्यावरची जागा यांमुळे गर्दी पातळ होते. भाव एप्रिलच्या पातळीवर येतात, हवा मात्र एप्रिलपेक्षा कितीतरी चांगली. माझ्या मते नव्या प्रेक्षकाने सुरुवात करायला हाच सर्वोत्तम महिना आहे. १५ सप्टेंबर हा रॉबर्टो क्लेमेंटे दिन. त्या दिवशी पायरेट्सचा प्रत्येक खेळाडू २१ क्रमांकाची जर्सी घालतो, त्यामुळे स्कोअर लिहिताना जर्सीवरून कोण कोण आहे ते ओळखता येत नाही. बॅटिंगचा क्रम सामन्याआधीच लिहून घ्यावा. या वर्षी त्या मालिकेत शिकागो कब्ज होते, आणि १७ तारखेला त्यांनी इथेच बाद फेरीतली जागा पक्की केली. कब्जचे चाहते शिकागोहून मोठ्या संख्येने येतात, म्हणून सप्टेंबर असूनही त्या तीन दिवसांची तिकिटं आधी घ्यावी लागली.

घरची शेवटची मालिका २१ सप्टेंबरला संपली, ॲथलेटिक्सविरुद्ध. या आठवड्यात क्लबच्या दुकानात टोप्या-जर्सी सवलतीत मिळू लागतात. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक हंगाम संपण्याआधीच जाहीर होतं, ते फोनच्या कॅलेंडरमध्ये उतरवून घ्यावं. दुपारी १२:३५ चे सामने आणि सप्टेंबरचे मंगळवार आधी खुणावून ठेवायचे. एकेका सामन्याची तिकिटं सुरू झाल्याचं कळावं म्हणून क्लबच्या ईमेल यादीत नाव घालून ठेवा, आणि स्कोअरशीटचे कोरे कागद मार्चमध्येच छापून ठेवा.